जगात कुठंही लागणारा फोन

३ नोव्हेंबर, सकाळ
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात, म्हणून मीही. सुरुवातीलाच मोठी बातमी आहे. प्रदीपसाहेबांचे अमेरिकेतले मेहुणे बंगल्यावर आठवडाभर राहून गेले. जाताना आपला जुना फोन मला दिला. वर्ल्ड फोन! म्हणाले, हा सगळ्या टेक्नॉलॉजी घेतो, पण तुमच्याकडे कॉलचं काय होईल सांगता येत नाही, नाहीतर पोरांना गेम खेळायला द्या. भारी वस्तू देताना मोठी माणसं असंच बोलतात. समोरच्याला ओझं वाटू नये म्हणून.

दुपारी
बंगल्याच्या वायफायवर सगळं वाचून काढलं. जगात दोन पद्धतींची नेटवर्क होती, जीएसएम आणि सीडीएमए. एका पद्धतीचा फोन दुसरीत चालायचा नाही. माझा दोन्हींत चालतो. शिवाय फोरजी. सीडीएमए आपल्याकडे बंद पडलंय म्हणे. पडू दे. परत सुरू झालं तर अख्ख्या मळवलीत पहिला फोन माझा लागेल.

५ नोव्हेंबर
नवलाख उंबरे गावात मुलगी बघायला गेलो. मी, आई आणि गाडी चालवायला निलेश. निलेशचं स्टेशनजवळ मोबाइल कव्हरचं दुकान आहे. त्याची स्वतःची दोन लग्नं ठरून मोडली, म्हणून त्याला मुद्दाम नेलं. शेजारी बसला की मी बरा दिसतो.
मुलगी कोमल. तळेगावच्या कंपनीत क्वालिटीला आहे. वडील सोपानभाऊ. मी काय करतो विचारल्यावर मी म्हटलं, प्रॉपर्टी मॅनेजमेंट. लगेच आई म्हणाली, व्हय, बंगला राखतोय सायबाचा. मी टेबलाखालून तिचा पाय दाबला. तर ती ओरडली, आरं गुडघा दुखतोय माजा!
मग आम्हा दोघांना गोठ्याकडं बोलायला पाठवलं. मी सहज फोन बाहेर काढला. कोमल म्हणाली, घरच्यांनी काय ठरवायच्या आधी मला तुमच्याशी येकदा फोनवर बोलायचंय, समोर सगळी असली की मला बोलता येत न्हाई. मेसेज चालेल का विचारलं, तर म्हणाली, मेसेजात मानूस कळत न्हाई, आवाजात कळतं. कंपनीत फोन गेटवर जमा करतात, जेवायच्या सुट्टीत हातात मिळतो, तेव्हा लावीन म्हणाली. पसंत आहे मी. डोळ्यांत दिसत होतं.
निघताना सोपानभाऊ म्हणाले, कळवतो. आईनं आपला नंबर मोठ्यानं सांगितला. परतताना निलेश म्हणाला, मुलीकडचे कळवतो म्हनले म्हंजे न्हाई समजायचं. त्याला तेवढाच अनुभव.

६ नोव्हेंबर
माझा जुना फोन दिवाळीत पाण्याच्या टाकीत पडला, सिमसकट. घरात फोन एकच, आईचा बटणाचा. नंबर दिलाय तोच. कोमलचा फोन आला आणि आईनं उचलला तर ती परत बंगला राखतोय सुरू करेल. म्हणून सिम काढून वर्ल्ड फोनमध्ये टाकलं. आई म्हणाली, माजा फोन बरा चाललाय की. मी म्हटलं, तुला कळतं का काही यातलं? 
सिम निलेशनं कापून दिलं. म्हणाला, येकदा फोन लावून बग, भाऊ. मी म्हटलं, हे बघ, व्हिडिओ सुरू झाला, व्हॉट्सअॅप आलं, रेंज फुल. आणखी काय बघायचं? याच्या दुकानात असला फोन कधी येणार नाही, म्हणून पोटात दुखतंय.

१० नोव्हेंबर
एक गोष्ट लक्षात आली. बँकवाले, लोनवाले, तळेगावात प्लॉट घ्या म्हणणारी ती बाई, सगळ्यांचे फोन बंद. एकसुद्धा नाही! अमेरिकन फोन आहे, फालतू माणसाला आत घेत नाही. डोकं शांत आहे.
जेवणाच्या सुट्टीत फोन हातात धरून बसलो. ती लाजत असणार.

१७ नोव्हेंबर
स्टेटसला फोटो टाकला. मागं लोहगड, हातात फोन. साहेबांनी अंगठा पाठवला.
आई म्हणते, येकदा तूच लाव की फोन, न्हाई म्हनले तर खात न्हाईत तुला. या बाईला व्यवहार कळत नाही. मुलाकडच्यांनी पुढं होऊन विचारलं की मुलात खोट आहे असं समजतात. निश्चय: मी फोन करणार नाही. त्यांनीच करायचा.
आई रिकामा बटणाचा फोन अजून चार्जिंगला लावते. पुसते. परवा कानाला लावून बसली होती. मी म्हटलं, देव बोलतोय का? हसली नाही.

२१ नोव्हेंबर
कुरवंड्याहून रतनबाई मावशी रिक्षा करून आली. दारातच आईच्या गळ्यात पडून रडायला लागली. रोज फोन लावतीया, रोज बाई सांगतीया बंद हाय, मला वाटलं तू गेलीस आन मला कळावलं बी न्हाई. मग माझ्यावर घसरली.
कारण सोपं आहे. कुरवंड्याचा टॉवर जुना. त्याला परदेशी फोन ओळखता येत नाही. मावशीला समजावून सांगितलं. ती म्हणाली, मुडद्या. अडाणी माणसाशी किती बोलायचं.

२८ नोव्हेंबर
आज निलेशचा डाव उघडा पाडला. स्टेशनजवळ सगळ्यांसमोर येऊन म्हणतो, सोपानभाऊंचा मला फोन आलता, तुजा लागत न्हाई म्हनत्यात, कोमलनं लय येळा लावला जेवायच्या सुट्टीत, पोरगी रडकुंडीला आलीय. ह्याचा नंबर त्यांच्याकडं कसा? तर म्हणे, त्या दिवशी रस्ता विचारायला फोन केलेला.
म्हणजे माझ्या तोंडून माझा फोन खराब म्हणवून घ्यायचंय याला. चहावाल्यासमोर, रिक्षावाल्यांसमोर. मी पण सोडला नाही. म्हटलं, जगात कुठंही लागणारा फोन उंबऱ्याहून लागत नाही होय? त्यांना जाऊन सांग, कैलास त्यांच्या फोनची वाट बघत बसलेला नाही. स्थळांची लाइन आहे.
निलेश म्हणाला, खरंच सांगू का आसं? मी म्हटलं, शब्द न् शब्द सांग. तोंड पाडून गेला. सगळे हसले. मजा आली.
आता त्यांना घाम फुटेल आणि फोन येईल.

७ डिसेंबर
कामासाठी लोणावळ्यात गेलो होतो. बाजारातल्या मोबाइलवाल्याला सहज फोन दाखवला. दाखवायचाच होता, विचारायचं काही नव्हतं. तो म्हणाला, ह्याच्यावर नेट चालणार, पण तुमच्या सिमचा कॉल ह्याच्यात शिरनार न्हाई, ते आपल्याकडचं सेटिंग ह्याच्यात न्हाईच, गेम खेळायला ठेवा. मी विचारलं, तुम्ही अमेरिकेला गेलाय का कधी? नाही म्हणाला. विषय संपला.
कोमलच्या घरी द्यायला चिक्की घेतली.

१५ डिसेंबर
फोन नाही. चिक्की मीच खाल्ली. आईला दात नाहीत.
निलेश दर रविवारी उंबऱ्याला जातो असं कळलं. दाढी रोज करतो. नवीन शर्ट घेतला. मी त्या दिवशी फार बोललो असेन त्याला, तरी माझं जमवायला एवढा पळतोय. दोस्त म्हणून वाईट नाही. लग्नात त्याला फेटा बांधू.

४ जानेवारी
नवीन वर्षाचा संकल्प: फोनकडं सारखं बघायचं नाही.

४ जानेवारी, दुपारी
बघितलं. रेंज फुल.
आई म्हणाली, माजं गुडघं गेलं रं, कवर मी भाकरी थापू तुज्यासाठी. मी म्हटलं, फोन येऊ दे, मग तुझी सुटका. ती म्हणाली, तुजा फोन मेलाय, कैलास. आईच्या तोंडात असली भाषा शोभते का?

१९ जानेवारी
साहेबांचा मेसेज. परवा लॉनवर प्री-वेडिंगचं शूटिंग आहे, झाडांवरच्या माळा लाव, जनरेटर बघ. बरं झालं. कसं करतात ते नीट बघून ठेवतो, आपल्याला लागेल.

२१ जानेवारी
लिहू नये असं वाटतंय. तरी लिहितो.
गाडीतून निलेश उतरला. मला वाटलं कॅमेरावाल्याबरोबर आलाय. मग कोमल उतरली. निळा गाऊन, गवतात लोळत येणारा. निलेश खाली बघत म्हणाला, तुजा निरोप सांगाया गेलतो भाऊ, शब्द न् शब्द सांगितला. मग त्यांनी मलाच बसवून घेतलं.
कोमल सरळ माझ्यापुढं आली. म्हणाली, बोलायचं नव्हतं तर तोंडावर सांगायचं होतं, फोन बंद कशापायी ठेवला? रोज डबा तसाच टाकून फोन लावत होते, बायका हसायच्या मला. डोळे भरलेले होते तिचे. अजूनही.
मी म्हटलं, माझा फोन एक मिनिटसुद्धा बंद नव्हता. फोन काढून दाखवला. तिनं निलेशच्या हातातून त्याचा घेतला, माझा नंबर लावला आणि स्पीकर सुरू केला. माझा फोन तळहातावर. रेंज फुल. तिकडून बाई बोलली, आपण डायल केलेला क्रमांक सध्या बंद आहे. कोमलनं परत लावला. बाई परत बोलली.
 जनरेटर तेवढा चालू होता.
मग कॅमेरावाला माझ्याकडं बघून म्हणाला, काका, त्या मोबाइलची बॅटरी चांगली दिसते, नवरीच्या तोंडावर उजेड धरा. धरला. शूटिंग संपेपर्यंत धरला. बॅटरी खरंच चांगली आहे. हात दुखतोय.

२२ जानेवारी
सिम काढलं, कापून उरलेल्या चौकटीत बसवलं आणि आईच्या फोनमध्ये टाकलं. तिनं पदरानं फोन पुसला आणि माझ्याच हातात परत दिला, कारण तेवढ्यात तो वाजला.
किती मोठ्यानं वाजतो तो! विसरलो होतो.
सोपानभाऊ होते. म्हणाले, आरं लागला की! बंगला राखत्यात ते कैलासराव ना? आवो, पोरीची हळद हाय, त्या दिशी झाडावरच्या माळा तेवढ्या आमाला मिळतील का, सायबांना इचारून सांगा.
आई माझ्या तोंडाकडं बघत होती. तिला वाटलं, होकार आला.
मी म्हटलं, कळवतो.