दर आठवड्याची सुई

सोमवार, दिवेलागणीनंतर

भाऊजींवरचा राग अजून उतरत नाही. राग कसला, किळसच येते. सासूबाईंना भातलावणीपासून खोकला. अंगणातून चुलीपर्यंत येताना दम लागून दोनदा बसायच्या. मी म्हणायचे, शहापूरला सरकारी दवाखान्यात नेऊया. भाऊजी, माझे मोठे दीर, म्हणायचे, "धुराचा खोकला हाय तो. तुला काय कळतंय?" आणि बाजारातल्या त्यांच्या डॉक्टरकडून सुई मारून आणायचे. कसला डॉक्टर, कधी छातीला नळी लावली नाही. सुई मात्र दर आठवड्याला.

आणि मी? मी इतके दिवस गप्प का बसले?

परवा भाऊजी शेतावर असताना मीच सासूबाईंना घेऊन गेले. थुंकी तपासायला दिली, एक्स-रे काढला. आज रिपोर्ट आला, टीबी आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, "दोन आठवडे खोकला राहिला तेव्हाच यायचं. आता सहा महिने गोळ्या चुकवू नका, बऱ्या होतील. घरातल्या सगळ्यांनाही तपासून घ्या."

घरी सांगितलं, तर भाऊजींना काळजी कसली? "गावात बोलू नको. पोरीचं लगीन जमायचं हाय." सासूबाईंचं ताटसुद्धा वेगळं काढलं. मी ते उचलून परत मांडणीत ठेवलं.

आत्ता लिहिताना ते दारात येऊन उभे राहिले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "दवाखाना कवा उघडतो? मला पण महिनाभर खोकला हाय."

"नऊला," मी म्हणाले.  आणखी बोलायला लागले असते तर माझं बोलणं थांबलं नसतं.