भाचीच्या निवेदनात तू

माय,

भाचीच्या अर्जात तुला घ्यायचं की नाही हे ठरेना, म्हणून लिहायला बसले. भाची म्हणजे आपल्या धाकट्याची लेक, तू गेल्यावर जन्मलेली. तिला नर्सिंगला जायचंय. तालुक्याला, वाशीला, प्रवासी जीप चालवून धाकट्याला तेवढी फी झेपत नाही. एक संस्था शिक्षणाचा खर्च उचलते, पण आधी स्वतःविषयी निवेदन लिहून मागते. ते पसंत पडलं नाही तर पोरगी घरी बसेल.

तिनं मोबाइलवर बघून लिहून आणलं होतं, 'माझे बालपण अत्यंत हलाखीत, अश्रूंच्या सोबतीने गेले.' मी रेघ मारली. "कधी रडलीस गं? दोन वेळा भाकरी हाणत होतीस की."

"आत्या, असंच लिवावं लागतंय. वाचणाऱ्याला पाझर फुटला पाह्यजे."

"पाझर विहिरीला फुटू दे. तुला नर्स का व्हायचंय ते लिही."

तिनं कोरा कागद पुढं ओढला. मग म्हणाली, "आज्जीचं सांगा ना. पप्पा म्हणत्यात, ती फटाक्याच्या कामाला होती."

मी सहसा सांगत नाही. सांगितलं. तू तेरखेड्याला फटाक्यांत दारू भरायला जायचीस. तू यायच्या आधी मी पाणी तापवायचं आणि चूल विझवून टाकायची. तू बाहेरच उभी, लुगड्यावर त्या दारूची भुकटी. "इस्तू इझला का गं?" मी व्हय म्हटल्याशिवाय तू आत पाऊल टाकत नाहीस. आंघोळ करून लुगडं बदललंस की मगच चूल पुन्हा पेटते, आणि मगच आम्ही तुला बिलगतो. एकदा धाकटा अंगणातच तुझ्याकडं धावला, तर तू मागं सरकत सरकत पार बाभळीपर्यंत गेलीस. तो रडतोय, तूही रडतेस.

माझ्या शाळेत नादारीच्या अर्जावर, म्हणजे फीमाफीसाठी, तुझा अंगठा हवा होता. कामावरून तशीच शाळेत आलीस आणि फाटकातूनच शिपायावर ओरडलीस, "आधी ती बिडी इझवा, बाबा, न्हायतर अर्जासकट म्या बी जाईन!" सगळा वर्ग हसला. हेडमास्तर शाईचा पॅड घेऊन बाहेर आले.

"ह्यात काय लिवलंय?"

"तुम्ही नादार आहात, असं."

"नादार कशानं? हात चालत्यात माजे. पोरगी हुशार हाय, तेवढं लिवा."

त्यांनी खाली एक ओळ वाढवली. मग तू अंगठा दिलास.

भाचीनं हे सगळं लिहून काढलं आणि शेवटी स्वतःचं जोडलं, 'आपल्या अंगावरचं दुसऱ्याला लागू नये म्हणून आज्जी स्वतःच्या लेकरापासून लांब सरायची. माणसाची काळजी घेणं म्हणजे काय, ते मला यातून कळलं.' मी पेन घेऊन ते दोनदा वाचलं. खोडण्यासारखं काही सापडलं नाही. तुला मात्र हे आवडलं नसतं. घरातलं बाहेर सांगितलेलं तुला खपायचं नाही.

काल इथवर लिहून ठेवलं होतं. तुला विचारायचं म्हणून बसले होते, पण खरं सांगते, तुझ्या होकारासाठी थांबले नाही. आज वाशीला जाऊन अर्ज दिला. सोबत दिलं ते असं: बारावीचा मार्कमेमो, उत्पन्नाचा दाखला, दोन फोटो, निवेदनाची दोन पानं. तू दुसऱ्या पानावर आहेस.