समोर बसला तो भिडू

ती. मीनाताईंना,

भारतीचा मनापासून जय भीम. तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावता ना, की नुसती बाटली उशाशी ठेवून झोपता? आम्ही इकडे बुवापाड्यात सगळे धडधाकट आहोत. फोन असताना हिला पत्राचं खूळ कुठून लागलं, असं तुम्हाला वाटेल. पण ताई, फोनवर माझ्या तोंडून 'अप्पा' एवढा शब्द निघाला की तुमच्या कुकरची शिट्टी होते आणि तुम्ही फोन ठेवता. इतक्या शिट्ट्यांत तर राजम्याचंसुद्धा पीठ झालं असतं. पत्राला शिट्टी नसते. तेव्हा खुर्ची ओढा आणि बसा.

बातमी अशी की आपल्या मनालीचं लग्न ठरलं. मुलगा हितेश, उल्हासनगरचा, सिंधी. कॅम्प नंबर पाचला त्यांचं पडद्याच्या कापडाचं दुकान आहे. मुलगा मात्र मनालीबरोबर बदलापूरच्या लॅबमध्ये कामाला. (लोकांचं रक्त काढता काढता ह्या दोघांचं जुळलं. मला वाटायचं, पोरगी ओव्हरटाइम करते.) मनालीने हे आधी मला सांगितलं नाही, तुमच्या भावालाही नाही. सांगितलं अप्पांना, तेही पत्ते खेळताना.

तुम्ही अप्पांना पाहिल्याला खूप वर्षं झाली, म्हणून थोडं सांगते. फॅक्टरीत जेवणाच्या सुट्टीत त्यांचा जो अड्डा बसायचा, तो आता मोडला. काही जण बदलापूरला मुलांकडे गेले, काही त्याहून लांब, जिथून कोणी डावाला परत येत नाही. मग अप्पांनी मनालीला धरलं. झब्बू, गुलामचोर, पाच-तीन-दोन. पोरगी बेरीज पत्त्यांवर शिकली. (शाळेत बाईंनी "दहानंतर काय?" विचारलं, तर "गुलाम" म्हणाली. मला शाळेत बोलावणं आलं होतं.) बदाम सातमध्ये अप्पांची रीत अशी, की हातातली अठ्ठी शेवटपर्यंत दाबून धरायची आणि समोरच्याचा जीव टांगून ठेवायचा. त्या दिवशी असाच डाव चालला होता, आणि मनाली म्हणाली, "अप्पा, मला एक मुलगा आवडलाय." अप्पा म्हणाले, "पास."

पुढचे काही दिवस घरात तेवढाच शब्द. जेवता का? पास. डॉक्टरकडे जायचं? पास. शेवटी एकदा दुपारी स्वतःहून म्हणाले, "धंदेवाली माणसं. आपण कोण हे कळल्यावर पोरीला आपली म्हणतील?" तुमचा भाऊ म्हणाला, "अप्पा, आता तसं काही राहिलं नाही." त्यावर अप्पांनी ह्यांच्याकडे असं काही पाहिलं की हे उठून पंखा पुसायला लागले.

मग रविवारी ती मंडळी यायची ठरली. अप्पांनी आधीच जाहीर केलं, "मी एक शब्द बोलणार नाही. माझे पत्ते लावत बसेन." मी शहाणपणा करून पत्त्यांचा कॅट तांदळाच्या डब्यात लपवला. अप्पांनी शांतपणे उशीच्या अभ्र्यातून दुसरा काढला. त्यात किलवरची तिर्री नाही. तिच्या जागी खोकल्याच्या औषधाच्या खोक्याचा तुकडा, वर पेनाने 'कि. ३'. म्हटलं, झालं, आज अब्रू जाणार.

आले ते तिघं. हितेश, त्याचे वडील आणि दादी, ईश्वरीबाई. पोराची आई लहानपणीच गेली, दादीनेच वाढवलं. बाई सिंधमधून आलेल्या आईबापांच्या पोटी कॅम्पातल्या बरॅकीत जन्मली. हाडं एवढीशी, आवाज शटर ओढल्यासारखा. सगळे बसले. ह्यांनी दोनदा विचारलं, "घर सापडायला त्रास नाही ना झाला?" (हितेश आपल्याकडे आधी येऊन गेला होता. ते ह्यांना सोडून सगळ्यांना माहीत होतं.) त्याचे वडील आमच्या खिडक्यांकडे टक लावून. आधी मला वाटलं घराची पारख करतायत, मग कळलं, मनातल्या मनात माप घेतायत. आणि अप्पा कोपऱ्यात सतरंजीवर, भिंतीकडे तोंड करून, फर्र फर्र पत्ते पिसतायत.

तो आवाज ऐकून दादीने मान वळवली. पलंगाची कड धरत धरत गेली आणि अप्पांच्या पुढ्यात जाऊन बसली. "दहला पकड आता है?"

अप्पा भिंतीला म्हणाले, "ह्याला मेंढीकोट म्हणतात."

"दहलेच पकडने है ना? तो बाँटो."

अप्पांचे डोळे चमकले. ताई, मला कळलं त्यांच्या मनात काय आहे. बाईला हरवून घरी पाठवायची. तुमचा भाऊ एका बाजूला बसला, हितेशचे वडील दुसऱ्या बाजूला (नजर खिडकीवर). पहिला हात अप्पांनी केला आणि ऐटीत पत्ते ओढले, तर दादीने त्यांच्या मनगटावर फाडकन चापट मारली.

मनालीने डोळे मिटले. अप्पांच्या अंगाला फॅक्टरीत कधी साहेबाने बोट लावलं नाही. दादी म्हणाली, "लगातार दो हाथ बनाओ, फिर उठाओ. तब तक बीच में रहेगा."

"माझ्या घरात माझा नियम."

"घर तुम्हारा, पर भिडू तो मैं हूँ ना?"

तेव्हा अप्पांच्या लक्षात आलं. बाई समोर बसलीय, म्हणजे मेंढीकोटात ती आपली भिडू. जिला हरवायचं होतं तिच्याच बाजूने खेळत होते! बरं, डाव मोडावा तर पत्ते एवढे चांगले आलेले, की मोडवेना. "खेळा," म्हणाले. पत्ते मात्र आपल्याकडेच ठेवले.

मध्ये दादीला ठसका लागला. (माझी भजी. मिरच्यांचा अंदाज चुकला, मान्य आहे.) मी पाणी आणायला उठले, तेवढ्यात तिने अप्पांच्या समोरचा पेला उचलला, त्यांनी अर्धा प्यायलेला, आणि गटागटा संपवून परत त्यांच्याच पुढ्यात ठेवला. "हां, किसकी चाल?"

चाल अप्पांची होती. ते पान टाकेनात. ताई, लहानपणी गावात अप्पांना पाणी वरून ओंजळीत ओतायचे, ती गोष्ट त्यांनी आपल्याला किती वेळा सांगितलीय. मला वाटलं, आता सांगणार. नाही सांगितली. पेल्याकडे बघत राहिले. मग हळूच मला म्हणाले, "भारती, पेला भर गं."

मी स्वयंपाकघरात जाऊन जरा जास्तच वेळ माठापाशी उभी राहिले.

बाहेर आले तर डाव रंगात. तीन दश्श्या अप्पांकडे, चौथी ह्यांच्या हातात. ह्यांनी ती शेवटपर्यंत जपली आणि शेवटच्या हाताला टाकावीच लागली, तर दादीने त्यावर हुकमाची दुर्री ठेवली. चारही दश्श्या आपल्याकडे आल्यावर अप्पा असे ओरडले, "कोट!", की शेजारची अंजना काय झालं म्हणून धावत आली. हितेशचे वडील हरले, पण समाधानी दिसले. मला म्हणाले, "इधर मरून कलर जमेगा."

दादीने पत्ते गोळा केले आणि सरळ विचारलं, "बोलो, लडकी देते हो?"

अप्पा म्हणाले, "पोरगी म्हणजे काय पान आहे, द्यायला? उसको पूछो."

मनाली रडत रडत हसली, आणि ठरलं. लग्न आपल्या विहारात, मग जेवण त्यांच्याकडे.

थोरांना नमस्कार, मुलांना गोड पापा. तब्येतीला जपा.

तुमची भावजय,
भारती

ता. क. : अप्पा हल्ली सगळ्या बुवापाड्यात सांगतात, की हे स्थळ त्यांनीच शोधलं.

ता. क. २ : ते अधूनमधून रिक्षा करून कॅम्पात खेळायला जातात. तिथे तिचा नियम. येताना कुरकुरत येतात, की बाई लबाड आहे, आणि पुढच्या वेळेसाठी शर्ट इस्त्रीला टाकतात.

ता. क. ३ : आता खरं सांगते, बाकीचं सगळं ह्याच्यासाठी लिहिलं. त्या रविवारी मंडळी गेल्यावर अप्पा सतरंजीवरून उठेनात. मी आवरायला गेले, तर म्हणाले, "मीनाला मी विचारलं नव्हतं." एवढंच. तुम्ही साखरपुड्याला या, ताई. दाजींना घेऊन या, अप्पांच्या मनाविरुद्ध लग्न केलंत तेव्हापासून त्यांचा पाय ह्या घराला लागलेला नाही. अप्पांनी दोनदा विचारलंय, जावयाला चहात साखर चालते का. आम्हा कोणालाच सांगता आलं नाही. तेवढं फोन करून कळवा. माझ्या फोनवर नको, त्यांच्या.