व्याह्यांच्या मधली नदी

श्री. किशोरराव यांना, मु. अकोला

वामनरावचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त अर्धाच घातला आहे, उरलेला तुम्ही आलात की घालीन). तुमचं बीपी, वहिनींचे गुडघे आणि तुमच्या बिल्डिंगची लिफ्ट, तिन्ही ठीक चालत असतील अशी आशा आहे. इकडे तुमची बहीण खुशाल आहे आणि माझ्याशी बोलते आहे, यावरून बाकी सगळं कुशल आहे हे तुम्ही ओळखालच. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण तुम्ही मधे मधे प्रश्न विचारता, आणि या हकिगतीत ते मला परवडणारं नाही.

तर पहिली बातमी. यंदा पूर आला आणि गेला. आपल्या घरात शिरला नाही आणि रागिणीच्या घरातही शिरला नाही. हे वाक्य लिहून मी पेन खाली ठेवला, चहा प्यालो आणि पुन्हा वाचून पाहिलं. फार बरं वाटलं.

रागिणी आपण नदीपलीकडच्या गावात दिली, तेव्हा सगळ्यांना त्यात सोयच दिसली होती (पोरीने ओट्यावरून हाक मारली तरी आईला ऐकू येईल, असं तुमच्याच घरून म्हणाल्या होत्या). मधे नदी आहे याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही, कारण लग्न वैशाखात ठरलं आणि नदी कोरडी होती. पुढे एका पावसाळ्यात सोयाबीनमधली वरची काळी माती वाहून गेली, म्हणून मी आपल्या काठाला जरासा बांध घातला. ते पाणी पलीकडे वळलं, म्हणून देवराव व्याह्यांनी त्यांच्या काठाला जरासा घातला. मग माझा जरासा वाढला, मग त्यांचा. भांडण मात्र एका शब्दाचं नाही. सोयरिकीत तसं चालत नाही. माझ्या काठावर जेसीबी चालू असला की मी व्याह्यांना हुरड्याचं आमंत्रण धाडायचो, त्यांच्या काठावर चालू असला की तिकडून तिळगूळ यायचा. (जेसीबी एकच, पुंजारामचा. या काळात त्याने घरावर दुसरा मजला चढवला.)

मागच्या वर्षी माझा बांध वरचढ होता. पाणी व्याह्यांच्या घरात शिरलं आणि ते ओसरेपर्यंत रागिणी कडेवरच्या पोरीला घेऊन धान्याच्या कोठीवर बसून राहिली. मी विचारपूस करायला गेलो. तिने चहा दिला, पाया पडली आणि एवढंच म्हणाली, "बाबा, बांध मजबूत झाला तुमचा." त्यानंतर ती माहेरी आली नाही. दिवाळीला नाही, अक्षय तृतीयेलाही नाही. तुम्हाला आम्ही नातीच्या तब्येतीचं कारण सांगितलं, पण नात ठणठणीत होती. किशोरराव, पलीकडे तिच्या साड्या वाळत घातलेल्या दिसायच्या आणि ती दिसायची नाही. असा कासावीस मी जन्मात झालो नव्हतो. तुमची बहीण तर ताट वाढून उठून जायची, पुन्हा भाकर हवी का म्हणून विचारायचीसुद्धा नाही.

अशात उन्हाळ्यात अमरावतीहून अबोली नावाची एक इंजिनियर मुलगी नदीचा आराखडा करायला आली. पुराला आवर घालायचा आणि नदीलाही पुन्हा नदीसारखं करायचं, असं तिचं काम. गाळ काढायचा, वेडी बाभूळ काढायची, काठाला बांबू, करंज, वाळा लावायचा. दोन्ही गावांची सभा आपल्या शाळेत भरली. तिने भिंतीवर नकाशा लावला आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "नदी वर पसरट आहे, खाली पसरट आहे, मग इथेच एवढी चिंचोळी का झाली?" सगळ्या सभेने छताकडे पाहिलं. मी आणि व्याह्यांनीही पाहिलं. (शाळेचं छत गळतं हे त्या निमित्ताने ध्यानात आलं.) तिचं म्हणणं पडलं की दोन्ही बांध उतरवा आणि वळणावर नदीला पसरायला जागा सोडा. पुंजाराम म्हणाला, इतकी घाई करू नये.

आता आधी कोणी उतरवायचा? इथे मी हुशारी केली. उभा राहिलो, हात जोडले आणि म्हणालो, "आमी पोरीवाले. पयला मान व्याह्यायचा. त्यायनं आधी फोडावा, मंग आमी." भरसभेत दिलेला मान कोणाला नाकारता येत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. लग्नात तो देता देता माझे खांदे झिजलेत.

व्याही उठले, टोपी नीट केली. "मान माहा अशीन त मी उद्याच बांध फोडतो," ते म्हणाले. "पण पोरीवाल्याइच्या हातून आमी रिकामा मान कधी घेतला नाही. तो वयनावरचा तुकडा नदीले देऊन टाका." (वळणावरचा दीड एकर, तुम्हाला आठवत असेलच.) दोन्ही गावं माझ्याकडे पाहून राहिली. मागे बायकांमध्ये रागिणी बसली होती, नात मांडीवर. वर्षभरात पहिल्यांदा तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "देल्ला."

पुढे सगळं भराभर झालं. दोन्ही बांध उतरले (फोडायचा दर पुंजारामने वेगळा लावला). पहिल्या सरी येताच वळणावर बांबू लागला. श्रावणात पूर आला तेव्हा आम्ही दोघं ओट्यावर उभे होतो आणि तुमच्या बहिणीने माझा दंड असा धरला होता की अजून हिरवा आहे. पाणी चढलं, वळणापर्यंत आलं, आणि तिथे ऐसपैस पसरून बसलं. दुसऱ्या दिवशी उतरलं. पोळ्याच्या सकाळी रागिणी पोरीला घेऊन दारात उभी. "पोयाले आली मी, बाबा. असे काहून पाहून राहिले?" मी गोठ्यात गेलो आणि बैलांच्या रंगवलेल्या शिंगांनाच पुन्हा रंग देत बसलो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि आता छातीवरचा दगड उतरल्यामुळे दोन भाकरी जास्त खाणाऱ्या

आपल्या वामनरावचा रामराम.

ता. क. सवडीने एकदा या. दर्यापूरपर्यंत एसटी आहे, पुढे काळीपिवळी मिळते. येताना आधार कार्ड आणि दोन फोटो जवळ असू द्यावे.

ता. क. दुसरा. वळणावरचा तुकडा तुमचा आहे, हे वाचता वाचता तुमच्या ध्यानात आलंच असेल. बहिणीच्या गावात आपलीही जमीन असावी म्हणून तुम्ही तो घेतलात आणि कसायला मला दिलात. सभेत हे सगळं सांगायला सवड मिळाली नाही. तुमची फक्त संमतीची सही लागते, बांबू लागून गेलेला आहे. तिथे पाटीही लावली आहे. तीवर जमीन देणाऱ्याचं नाव माझं पडलं, ती रंगाऱ्याची चूक.

ता. क. तिसरा. दादा, मी आशा लिहून राहिली. पाकीट चिकटवायच्या आधी मी वाचलं. सही करून दे, रागिणीसाठी दे. पण बदल्यात विहिरीजवळचा आमचा दीड एकर तुह्या नावानं करून द्यायचं यायनं माह्यापाशी कबूल केलं हाये. ते लिहायची हिंमत झाली नाही. तो लिहून घेतल्याबिगर पेनाचं टोपण काढू नको. पाटीवरचं नाव मात्र तसंच राहू दे. रोज सकायी जाऊन वाचून येतात, मंग दिवसभर घरात शहाण्यासारखे राहतात.