मुंडक्करीच्या पडद्यावर

१९ जुलै
तिसऱ्यांदा सेव्ह केलं, तर शेपटी आणखी लांबली. 'मात्तू अँड सन्स, बर्फ कारखाना' यातल्या अँडच्या खुणेमागे इंग्रजी ए-एम-पी चिकटतं. दर सेव्हला एक. मात्तू मुदलाळींनी, म्हणजे कारखान्याच्या मालकांनी, आमच्या मुंडक्करी बोट क्लबला मोठा पडदा दिलाय. शर्यतीच्या दिवशी तो काठावर लागणार. लोक मोबाइलवरून निरोप पाठवणार, ते मी बनवलेल्या पानातून त्यावर दिसणार, आणि सगळ्यात वर मुदलाळींचं नाव. फोनवर म्हणाले, बिनोय, माझ्या बर्फाला शेपूट कधी फुटलं? मी हसलो. ते हसले नाहीत.

२० जुलै
दोष सापडला. लोकांनी लिहिलेल्या खुणा बोथट करायची, म्हणजे त्या हुकूम न ठरता नुसती अक्षरं म्हणून दिसाव्यात अशी सोय मी निरोप आत घेताना लावली आणि दाखवतानाही लावली. यातली एक काढायला हवी. कुठली, या विचारात सकाळ गेली. दोन्ही काढल्या. शेपटी गेली. साधेपणा हीच खरी कला.

बायको, जिन्सी, म्हणाली, दाखवतानाची ठेवायलाच हवी. रविवारी फादर प्रार्थनेच्या चिठ्ठ्या वाचतात. एखाद्या चिठ्ठीत 'सगळे उठा, घरी जा' असं असलं, तर फादर नुसतं वाचतील. तुझं पान मात्र लोकांना खरंच घरी पाठवेल.

जिन्सी बँकेच्या वेबसाइटचं काम करते. पण माहेर तोट्टुवेलीचं, म्हणजे समोरच्या काठाचं. शर्यतीच्या तोंडावर त्या काठाचा सल्ला कोण घेतो?

२७ जुलै
होडीत शंभर माणसं बसून वल्हवतात आणि मधोमध चौघं उभे राहून दांड्याने फळीवर ताल देतात. लहानपणापासून मला त्या चौघांत उभं राहायचंय. आज क्लबचे अध्यक्ष वर्कीचेट्टन यांना विचारलं. म्हणाले, मग पडद्यापाशी कोण बसणार, तुझा बाप? म्हणालो, पडदा आपला आपण चालतो. म्हणाले, शब्द? म्हणालो, शब्द. त्यांनी दांडा हातात दिला. जड आहे. उद्यापासून पहाटे व्यायाम.

३० जुलै
व्यायाम सोमवारपासून.

मेव्हणा रॉय, तोट्टुवेलीचा, याचा निरोप पडद्यावर ठळक अक्षरांत आला: 'दाजी, नमस्कार.' ठळक अक्षरांची सोय मी केलेली नाही. तरी ती आहे. रचना चांगली असली की असं होतं.

४ ऑगस्ट
आज रॉयचा निरोप पडद्यावर डावीकडून उजवीकडे चालत गेला. क्लबात टाळ्या पडल्या. मी श्रेय नाकारलं नाही.

७ ऑगस्ट
अख्खा पडदा झाकून एक चौकट आली: 'दाजी, दार उघडं आहे.' रॉयला फोन केला. म्हणाला, दाजी, चेष्टा नाही, कडी लावा. नाहीतर मग आम्हाला बोल लावू नका. म्हणालो, मुंडक्करीत पाहुण्यांना दार उघडंच असतं. मग म्हणाला, बरं.

जिन्सी म्हणाली, एका ओळीचं काम आहे, मी लिहू? म्हणालो, शर्यतीनंतर. तरीही खबरदारी म्हणून 'स्क्रिप्ट' या शब्दावर, म्हणजे पानाला हुकूम द्यायला वापरतात त्या शब्दावर, बंदी घातली. तो शब्द असलेला निरोप आपोआप बाद. पहिले बाद झाले फादर. त्यांना नाताळच्या नाटकाबद्दल काहीतरी सांगायचं होतं.

१० ऑगस्ट, संध्याकाळ
शर्यत झाली. थोडक्यात लिहितो.

अर्ध्या अंतरावर आपण एका होडीने पुढे होतो. मी मधोमध उभा. तेवढ्यात काठावरच्या पडद्यावर रॉयच्या शुभेच्छा आल्या. सोबत एक चित्र होतं, जे अस्तित्वात नव्हतं. चित्र सापडलं नाही तर पानाने काय करायचं, तेही त्याने लिहून दिलं होतं. 'स्क्रिप्ट' हा शब्द कुठेही नव्हता. बंदी पाळली गेली, हे नमूद करतो.

पडद्यावर जिथे मुंडक्करी होतं तिथे तोट्टुवेली झालं. पडद्याच्या कर्ण्यांतून तोट्टुवेलीचं वल्हवण्याचं गाणं सुरू झालं, तेही सरावाचं, संथ. आमच्या होडीतल्या गाणाऱ्याचा आवाज त्यात बुडाला. बंद करायला पडद्यापाशी कोणी नव्हतं, कारण तिथला माणूस होडीत होता.

माझा ताल चुकला, असं सगळे म्हणतात. चुकला नाही. गाण्याशी अगदी जुळत होता. गाणं आपलं नव्हतं. उरलेले तिघं माझ्याकडे बघून बिचकले, आणि शंभर वल्ही संथ झाली.

तोट्टुवेली अर्ध्या होडीने जिंकली. पडद्याने त्यांचं अभिनंदन केलं. वर मात्तू मुदलाळींचं नाव, शेपटीशिवाय.

वर्कीचेट्टन एवढंच म्हणाले, दांडा दे.

घरी जिन्सीने जेवायला वाढलं. माहेरून मासे आले होते.

११ ऑगस्ट
सकाळी जिन्सीने ती ओळ लिहिली. आता रॉयचा निरोप टोकदार कंसांसकट जसाच्या तसा पडद्यावर दिसतो, आणि काही होत नाही. लोक थांबून वाचतात.

नऊ वाजता होडी पाण्याबाहेर काढली. मी खाली चिखलात होतो, खांदा लावून.