दिगंबरचा कोरा रकाना

वाशीम, गुरुवार संध्याकाळ, डिसेंबर १९४०

आज दिगंबरच्या लेखावरून छापखान्यात दुपारभर वाद. मानोऱ्याचा हा मास्तर लढाईच्या फंडाविरुद्ध लिहितो, आणि आमच्या साप्ताहिकाचे संपादक अण्णासाहेब त्याचं एकेक वाक्य तीनतीनदा वाचतात. माझा लेख मात्र न वाचताच जुळवायला देतात. इतके दिवस मी याला विश्वास समजत होतो.

शेवटी ठरलं, हा छापला तर छापखान्याला सील लागेल, नकोच. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? पण अण्णासाहेब म्हणाले, "वर त्याचं नाव राहू द्या, खाली रकाना कोरा सोडा. लोक समजतील."

आणि त्या कोऱ्या रकान्याला जागा हवी म्हणून सरकीच्या पेंडीवरचा माझा लेख काढला.

जुळारी करीमभाई माझ्या लेखाचे जुळवलेले शिशाचे खिळे सोडवून परत पेटीच्या घरांत टाकत होते. मी विचारलं, "माझाच काहून?"

"भाऊ, तुमचा पुढच्या हप्त्यातबी चालते. कोनाले काय फरक पडते?"

छापून पहिली प्रत निघाली तर सगळे त्या कोऱ्या जागेकडेच बघत उभे. एक अक्षर नाही तिथे, तरी माझ्या कुठल्याही लेखापेक्षा जास्त वेळ वाचली.

घरी येऊन ठरवलं, आपणही असं लिहायचं की अण्णासाहेबांना अडवावंच लागेल. रागारागात दोन पानं लिहिली. आत्ता वाचून पाहिली.

उद्या दिली तर जशीच्या तशी छापतील.