दारातला दगड

किनवट,
रविवार, उपासनेनंतर

प्रिय शिवलिंग,

सलाम. लातूर सोडायच्या आधीच्या एका सोमवारी सकाळी पहिल्या तासाला मी वर्गाचं दार लावून घेतलं. तू ऑफिसात होतास, तुला कळलं नाही. खाली रस्त्यावर कुणी नवरदेव मारुतीला निघाला होता आणि बँडपुढं माझा शब्द मागच्या बाकापर्यंत पोचेना. मी दारातला दगड पायानं बाजूला सारला, दार ओढलं, कडी घातली आणि फळ्याकडं वळलो. कार्बनच्या साखळ्या मांडता मांडता तास संपला. पुढच्या बाकावरच्या मुलीनं उठून कडी काढली तेव्हा ध्यानात आलं, इतका वेळ मी बंद खोलीत होतो आणि माझ्या तळहातांना घाम नव्हता. दुसरा कुणी असता तर हरखला असता. मी खुर्चीत बसून राहिलो. इकडं न येण्यासाठी देवापुढं ठेवायला माझ्याकडं एकच सबब उरली होती, ती त्या पोरीनं कडीबरोबर काढून टाकली होती.

तो दगड तुझ्याइतका कुणाला ठाऊक आहे? किल्लारीच्या बाजूला तुझ्याच गावच्या शाळेवर आपण दोघं नवे मास्तर होतो. मी लोह्याकडचा, त्यात ख्रिस्ती, मला कुणी खोली देईना. तू चुलत्याशी भांडून मला त्यांची माळवदाची खोली मिळवून दिलीस. गणपती बोळवून तू पोरांबरोबर पारावरच आडवा झालास. मी आत कडी लावून झोपलो. पहाटे धरणी हलली आणि ती कडी हाताला निघालीच नाही. चौकटीनं माझ्यावरचा भार तोलून धरला, बाकी सगळं माळवद खाली आलं. बाहेरून तुझा आवाज येत होता. मला शिव्या घालत होतास, झोपू नको म्हणत होतास. उन्हं चढल्यावर तू माझ्या छातीवरचा शेवटचा दगड उचललास तेव्हा तुझ्या बोटांना नखं राहिली नव्हती. तो दगड मी ठेवून घेतला. पुढं शिकवायला जिथं उभा राहिलो, तिथलं दार त्याच्याच आधारानं उघडं राहिलं. वर्गात एसी आल्यावर तू कितीदा कुरकुरलास, गार हवा साऱ्या लातूरला वाटतोस का म्हणून. पण दगडाला कधी हात लावला नाहीस.

आणि तुझी शाळा कशी विसरू? भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये पोरं आत यायला तयार नव्हती. शरणम्मा तर दुसरीतली, ढिगाऱ्यातून निघालेली, छप्पर दिसलं की किंचाळायची. तू फळा खांद्यावर घेतलास आणि लिंबाखाली शाळा भरवलीस. साहेबांनी लेखी विचारलं की शेड असताना पोरं उन्हात का, तर तू लिहून दिलंस की छताची परीक्षा अजून पोरांनी घ्यायची आहे. मग लातूर. नोकरी सोडून क्लास काढायची छाती तुझी. मला मागं ओढत नेलंस. आज त्या जिन्यावरून खेड्यापाड्यांतली पोरं डॉक्टर होऊन उतरतात आणि त्यांचे बाप तुझ्या पाया पडायला वाकतात, तेव्हा तू चष्मा पुसत दुसरीकडं बघतोस. लोक म्हणतात लातूरला शिक्षणाचा बाजार झाला. असेल. आपल्या दुकानात मी खोटं माप कधी पाहिलं नाही. हे मी किनवटलाही छातीठोक सांगतो.

दुष्काळात लातूरला पाण्याची रेल्वे आली त्या उन्हाळ्यात शरणम्मा आपल्याकडं आली होती, आठवतं ना? तू तिला ताडगोळे सोलून दिलेस, ती अजून लहान असल्यासारखे. इथल्या जंगलातल्या मुलींच्या वसतिगृहाची ती अधीक्षक आहे, शाळाही तिथंच भरते. आठवी ते दहावीला विज्ञान शिकवायला माणूस टिकत नाही, आलेला पावसाळ्यातच परत जातो. तू खाली गेल्यावर तिनं मला विचारलं. सर, येता का? मी हसण्यावारी नेलं. तिनं परत विचारलं. मग मी खरं कारण सांगितलं, म्हणजे मला तेव्हा खरं वाटलेलं. वसतिगृह दगडी आहे, जुन्या तुळयांचं आहे, दार लावल्याशिवाय तिथं थंडीत बसवत नाही, ते माझ्याच्यानं व्हायचं नाही. तिनं हातातला ताडगोळा खाली ठेवला. मग म्हणाली, “मी तिथंच झोपते, सर.”

त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

पुढच्या रविवारी उपासनेत शास्त्रपाठ वाचायची पाळी माझी. पाळकसाहेबांनी नेमून दिला होता योनाचा पहिला अध्याय. देव त्याला एका गावी जा म्हणतो आणि हा उलट दिशेच्या जहाजाचं भाडं भरतो. वाचता वाचता माझी जीभ अडखळली. आमच्यात देवाच्या अशा बोलावण्याला पाचारण म्हणतात. तुला ती योनाची गोष्ट सांगितली तेव्हा तू म्हणालास, म्हणजे तुझा देव बदलीचा हुकूम काढतो म्हण की. हसलो दोघं. पण खरंच, मास्तर बदली रद्द करायला जसा आमदाराच्या दारात बसतो, तसा मी वर्षभर प्रार्थनेत बसलो. प्रभू, मला इथं काही वाईट नाही. मी बिघडलेलं सोडून पळत नाही, चांगलं चाललेलं सोडायला सांगतोस. इथंही गरिबांचीच लेकरं आहेत. मग शेवटी नेहमीचं, ते दार. तुझी विशाखावहिनी हे शेजारच्या खोलीतून ऐकायची. एकदा भाकऱ्या थापताना तिनं विचारलं, “देवाचं भ्या हाय तुम्हाला का दाराचं?” मी ताट पुढं ओढलं. तिनं ट्रंक माळ्यावरून खाली काढून ठेवली आणि रोज तिच्यावरची धूळ पुसत राहिली.

त्या सोमवारनंतर मला दुसरी सबब सापडली नाही. शोधली, खोटं कशाला बोलू.

इथं येऊन महिना होत आला. मुली कोलामी, गोंडी बोलतात, माझ्या बोलण्याला तोंड लपवून हसतात. पहिले काही दिवस मी व्हरांड्यातच शिकवलं. शरणम्मानं फळा बाहेर आणून दिला. परवा पाऊस तिरका आला, वह्या भिजायला लागल्या, सगळ्या आत पळाल्या. वाऱ्यानं दार आपटायला लागलं तशी एक मुलगी दार उघडं धरायला अडण शोधायला धावली, शरणम्माबाईंनी तिला सांगून ठेवलं होतं, सरांना दार उघडं लागतं. शरणम्मा उंबऱ्याजवळ उभी होती, छप्पर बघून किंचाळणारी आपली शरणम्मा. हातात किल्ल्यांचा जुडगा, अंगावर भिजलेली साडी. त्या क्षणी तू तिला बघायला हवं होतंस. आपण दोघांनी काही केलं असेल तर ते तिथं उभं होतं.

मी निघालो त्या दिवशी तू बसस्टँडवर आला नाहीस. मी वाट बघितली नाही असं नाही. ऑफिसात तुला सांगितलं तेव्हा तू ओरडला नाहीस, भागीदारीचं काढलं नाहीस. नुसता चष्मा काढून टेबलावर ठेवलास आणि म्हणालास, “याच्यासाठी काढलं का रे तुला भायेर?” तोंड खाली घालून मी जिना उतरलो आणि तू तेच माझं उत्तर समजलास. फोनवर तू मला बोलू देणार नाहीस, म्हणून हे लिहितोय. दगड मी आणला नाही, तो आपल्या वर्गाच्या दारातच आहे, तुझा आहे. परवा त्या मुलीला मी म्हणालो, अडण राहू दे गं. दार लावलं, आतून कडी घातली आणि दगडी भिंतींत उभं राहून पूर्ण तास घेतला. होय, शिवलिंग. याच्यासाठीच काढलं होतंस.

तुझाच,
प्रेम